शीर दाखवणारं यंत्र गावच्या दवाखान्याला द्यावं का?

तापीकाठ (धागाकर्ता)

मंडळी, सल्ला हवाय. आमचं गाव चोपडा तालुक्यात. यंदा मंडळाने डीजे लावायचा नाही असं ठरवलं (त्यावरून काय काय झालं तो वेगळा धागा होईल) आणि उरलेल्या वर्गणीतून सरकारी दवाखान्याला काहीतरी कामाचं द्यावं, असा ठराव झाला. थंड पाण्याचं मशीन, बाकडी, व्हीलचेअर अशी नेहमीची यादी पुढे आली. तेवढ्यात मंडळातला एक पोरगा म्हणाला, त्याने पुण्यात एक यंत्र बघितलं. हातावर धरलं की कातडीवर हिरवा उजेड पडतो आणि त्यात शिरांचं जाळं दिसतं. मग सिस्टर बरोबर त्या रेषेवर सुई घालते.

सगळ्यांना कल्पना आवडली, कारण 'शीर सापडत नाही' हे आमच्याकडे घरोघरी ऐकलेलं वाक्य आहे. माझे प्रश्न एवढेच: याचा खरंच उपयोग होतो का? खेड्यातल्या दवाखान्यात वापरलं जाईल का? आणि घ्यायचं तर काय बघून घ्यायचं? दवाखान्यात काम करणाऱ्यांनी, किंवा ज्यांच्या हाताला हे लागलंय त्यांनी लिहावं.

भरीतभाकरी

डीजे बंद केला म्हणून आधी दंडवत घ्या. बाकी धागा वाचायला बसलोय.

शंकासूर

नवीन खेळणं दिसतंय. शीर बघायला यंत्र लागत असेल तर इतकी वर्षं सलाईन काय अंदाजाने लागत होती? दानशूर लोकांना फोटो चांगला येईल अशी वस्तू हवी असते, हिरव्या उजेडात फोटो झकास येईल.

गिरणाकाठची लेक

शंकासूर, फोटो राहू द्या. माझ्या आईचे केमो चालू असताना हातावरची एकही जागा निळी पडायची राहिली नव्हती. दर वेळी आत जाताना ती मला सांगायची, 'त्या बारीक चणीच्या सिस्टरला बोलाव.' ती नसली की आईचं तोंड उतरायचं. तेव्हा कुणी असं यंत्र आणलं असतं तर मी फोटो काढून गावभर लावला असता.

धुळ्याचा पण पुण्यात

मी दवाखान्यातला नाही, पण प्रकाशाशी संबंधित काम करतो, म्हणून आत काय होतं तेवढं सांगतो.

आपल्याला दिसतो त्या लाल रंगाच्या पलीकडचा, जवळचा इन्फ्रारेड प्रकाश यात वापरतात. साधारण ७०० ते ९५० नॅनोमीटरच्या पट्ट्यात हा प्रकाश कातडी आणि चरबीतून बऱ्यापैकी आत शिरतो. रक्तातलं हिमोग्लोबिन त्यातला काही भाग शोषून घेतं, आजूबाजूची ऊती तो इकडेतिकडे उधळून परत पाठवते. ऑक्सिजन देऊन झालेलं, शिरांमधलं हिमोग्लोबिन ७६० च्या आसपास जरा जास्त शोषतं. त्यामुळे इन्फ्रारेड कॅमेऱ्याला शीर काळी आणि बाकीचा हात उजळ दिसतो. यंत्र ते चित्र साफ करतं आणि दिसणाऱ्या प्रकाशात, बहुधा हिरव्यात, परत हातावरच टाकतं. सगळं इतकं झटपट होतं की हात हलवला तर चित्रही बरोबर हलतं.

बोटाला लावायचा ऑक्सिमीटर कोरोनात घरोघरी आला, त्याचं नातं याच्याशीच. त्यात ६६० चा लाल आणि ९४० चा इन्फ्रारेड असे दोन प्रकाश असतात आणि दोन्ही किती शोषले गेले यावरून ऑक्सिजन मोजतात. जपानमध्ये बँकांच्या एटीएमवर तळहाताच्या शिरांचा नकाशा वाचून खातेदार ओळखायचे, तेही याच तत्त्वावर.

आणखी एक. शीर निळी दिसते म्हणजे आतलं रक्त निळं नसतं. ते गडद लालच. निळेपणा हा कातडीतून प्रकाश कसा परततो त्याचा परिणाम.

भुसावळ जंक्शन

म्हणजे आमच्या प्लॅटफॉर्मवरच्या एटीएमपुढे उद्या तळहात दाखवायचा? तळहातावर तंबाखू मळलेली असली तर पैसे अडकतील भाऊ.

धुळ्याचा पण पुण्यात

तंबाखू झटकून या :)

सिस्टर आक्का

नंदुरबार आणि जळगाव जिल्ह्यांत नोकरी केली, आता निवृत्त आहे. शंकासूरांना उत्तर देते. होय, अंदाजानेच लागत होती, पण तो अंदाज डोळ्याचा नाही, बोटाचा. आम्हाला पहिल्या दिवसापासून शिकवलं, शीर बघू नका, चाचपा. चांगली शीर बोटाखाली दबते आणि लगेच वर उसळते. वारंवार टोचून आतून बुजलेली शीर वरून छान ठसठशीत दिसते, पण बोटाला दोरीसारखी कडक लागते. नवीन मुली त्या दिसणाऱ्या शिरेला भुलतात आणि फसतात.

यंत्राचंही तेच आहे. माझ्या शेवटच्या काही वर्षांत एका ठिकाणी हे यंत्र होतं. रेषा सुंदर दाखवायचं. पण ती शीर किती खोल आहे हे रेषेवरून कळत नाही. सुई उथळ गेली की शीर बाजूला सरकते, खोल गेली की पलीकडून बाहेर, आणि मग हाताला टेंगूळ. रेषा दिसल्यावर पण बोट ठेवायचंच.

ज्यांना उपयोग झाला ते सांगते: गोबरे हात असलेली सहा महिने ते दोन वर्षांची बाळं, जाड हाताच्या बायका, आणि एकाच जागी पुन्हा पुन्हा टोचून कंटाळलेले पेशंट. कोपऱ्यातली, कुणाच्या लक्षात न येणारी एखादी शीर ते दाखवून देतं. पेशंटलाही धीर येतो, बाळाची आई तर त्या हिरव्या उजेडाकडेच बघत बसते.

शंकासूर

आक्का, मुद्दा पटला. म्हणजे हुशार सिस्टरला गरज नाही आणि नवशिकीला असून फायदा नाही. मग कुणासाठी?

सिस्टर आक्का

असं मी कुठे म्हटलं? हुशार सिस्टरही रात्री तीनला दमलेली असते.

भूलवाला

जळगावात भूलतज्ज्ञ आहे. वॉर्डात सगळ्यांनी हात टेकले की फोन आमच्याकडे येतो, त्यामुळे या विषयावर थोडं लांब लिहितो.

एक, अभ्यास काय सांगतात. लहान मुलांवर या यंत्रांच्या बऱ्याच चाचण्या झाल्या आहेत आणि निकाल एकसारखे नाहीत. काहींत फायदा दिसला, काहींत पहिल्याच टोचणीत शीर मिळण्याच्या प्रमाणात फरक पडला नाही. मुळात ज्यांची शीर अवघड अशांना निवडून वापरलं तर फायदा दिसण्याची शक्यता जास्त. सरसकट सगळ्यांवर वापरलं तर उलट वेळ जातो. कंपनीचा माणूस 'शंभर टक्के' म्हणाला तर चहा पाजून परत पाठवा.

दोन, मर्यादा. साधारण एक सेंटिमीटरपर्यंतचीच शीर दिसते. खरोखर खोल शीर हवी असेल, म्हणजे खूप लठ्ठ, अंगभर सूज आलेला किंवा शॉकमधला (रक्तदाब खचलेला) रुग्ण, तिथे सोनोग्राफीच कामाची. तिच्यात खोली दिसते, सुईचं टोक दिसतं, शेजारची धमनी वेगळी ओळखता येते. आम्ही ऑपरेशन थिएटरमध्ये तीच वापरतो. मग मंडळाने तेच छोटं सोनोग्राफी मशीन का देऊ नये? कारण आपल्याकडे १९९४ चा गर्भलिंगनिदानविरोधी कायदा आहे. गर्भ बघता येईल असं कुठलंही मशीन नोंदणीशिवाय ठेवता येत नाही, हलवता येत नाही, आणि हातात मावणाऱ्या मशीनवर तर जास्तच नजर. कायदा का आला हे आपल्या भागात मुद्दाम सांगायला नको. पण त्यामुळे कुणी उत्साहाने सोनोग्राफी मशीन दान देऊ नका, दवाखान्याच्या डोक्याला ताप होईल. इन्फ्रारेड यंत्राला ही भानगड नाही.

तीन, जीव धोक्यात असेल तर शीर शोधत बसायचं नसतं. गुडघ्याखाली नडगीच्या हाडात खास सुई घालून त्यातून सलाईन आणि औषधं देता येतात, आत मज्जेतून ती थेट रक्तात जातात. बघायला भयंकर वाटतं, पण लहान मुलात हे अनेकदा सगळ्यात जलद. नुकत्या जन्मलेल्या बाळाला नाळेतली शीर असतेच. हे इथे लिहितोय, कारण नातेवाईक 'हाडात सुई घातली' म्हणून भांडायला येतात.

गिरणाकाठची लेक

डॉक्टरसाहेब, आईला पुढे छातीत पोर्ट (कातडीखालची छोटी डबी, तिच्यातून औषध थेट मोठ्या शिरेत जातं) बसवला आणि हाताचे हाल थांबले. तो आधी का नाही बसवत?

भूलवाला

ताई, कधी खर्च, कधी किती केमो द्यायचे आहेत त्यावर ठरतं. त्यासाठी छोटं ऑपरेशन लागतं, नंतर तो अधूनमधून धुवावा लागतो, जंतुसंसर्ग सांभाळावा लागतो. पण लांबलचक केमो असेल, किंवा बाहेर सांडलं तर कातडी जाळणारं औषध असेल, तर पहिल्याच भेटीत 'पोर्ट लागेल का' हे आपणहून विचारावं. तिथे शीर दाखवणारं यंत्र हा उपाय नाही. दिसलेली बारीक शीर ते औषध सोसेलच असं नसतं.

साकरीचा सासरेबुवा

डायलिसिसवाल्यांचंही एक लिहून ठेवतो. आमच्या जावयांच्या डाव्या हाताला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनीला जोडलेली शीर) आहे. त्या हाताला टोचायचं नाही, बीपीचा पट्टासुद्धा नाही. तरी नवीन माणूस तोच हात पुढे ओढतो, कारण तिथली शीर भरदार दिसते! आता यंत्राने ती अजून ठळक दाखवली तर कल्याणच. किडनी बिघडायला लागली असेल तर आधीपासूनच कोपराखालच्या शिरा जपायच्या, होता होईल तो तळहाताच्या मागच्या बाजूनेच टोचून घ्यायचं, असं आमच्या डॉक्टरांनी सांगितलंय.

सिस्टर आक्का

शंभर टक्के बरोबर बुवा. छातीची गाठ काढली असेल त्या बाजूचा हातही विचारून घ्यायचा. पेशंटने स्वतः ओरडून सांगावं, लाजू नये.

अमळनेर लॅब

लॅबमध्ये रोज हेच काम. सलाईनवाल्यांपेक्षा आमचं सोपं, रक्त काढलं की सुई बाहेर. तरी सकाळी सातच्या रांगेत निम्म्या लोकांची शीर का मिळत नाही ते सांगतो: लोक पाणी पिऊन येत नाहीत. 'उपाशीपोटी या' म्हटलं की आपली माणसं निर्जळी करून येतात. साखर किंवा चरबीच्या तपासणीला अन्न नको, चहा नको, साधं पाणी चालतं. आदल्या रात्री आणि सकाळी पाणी प्या, हात गार असतील तर कोमट पाण्यात धरा, थोडा वेळ हात खाली सोडून बसा. यंत्राविना बरीच कामं होतील.

पट्टा बांधून तसंच ठेवू देऊ नका. रक्ताच्या तपासणीला मिनिटभराच्या वर पट्टा राहिला की रक्त घट्ट होतं आणि आकडे बदलतात. आणि ते मूठ उघड-मीट करायला लावतात ना, त्याने पोटॅशियम खोटं वाढून दिसतं. मूठ नुसती हलकी मिटा. शिरेवर फटके मारणं हा प्रकारही बंद व्हायला हवा, दुखण्यापलीकडे त्यातून फारसं मिळत नाही.

भरीतभाकरी

आमच्याकडे फटके मारणारा ब्रदर होता. शीर मिळायची नाही, पण पेशंट दोषी असल्यासारखा दिसायचा.

शिरपूरनं पोऱ्या

मन्ही बी हाईच कथा शे. मशीन शे, पन हात कोना शे?

रावेरचा केळीवाला

विषयाला जरा फाटा देतो. आमच्याकडे शीर सापडत नाही ही अडचण निम्मी तरी आपणच तयार केलेली आहे. बागेत काम करणारा गडी असो नाहीतर मालक, अंग मोडून आलं की 'डॉक्टर, एक बाटली लावून द्या'. ताकदीची बाटली! गरज नसताना टोचून घेतात आणि खरी वेळ येते तेव्हा शिरा संपलेल्या. आमच्या वडिलांना हे कितीदा सांगितलं, ऐकत नाहीत.

भूलवाला

केळीवाले भाऊ, तुमच्यासाठी खास हिशेब. पाच टक्के डेक्स्ट्रोजची ५०० मिलीची बाटली म्हणजे २५ ग्रॅम साखर. उष्मांक साधारण ८५. मध्यम आकाराच्या एका केळ्यात १०० च्या आसपास असतात. आणि साध्या नॉर्मल सलाईनच्या त्याच मापाच्या बाटलीत साडेचार ग्रॅम मीठ, बाकी पाणी. ताकद शून्य.

रावेरचा केळीवाला

हे छापून बागेच्या गेटवर लावतो! जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, त्याच्या शेजारीच. 'बाटलीपेक्षा केळं भारी.'

भुसावळ जंक्शन

मधुमेहवाले सोडून, असं खाली बारीक अक्षरात लिहा. वडील सांभाळा.

वाचनवेडा पारोळा

सलाईनवरून एक इतिहास. शिरेतून मिठाचं पाणी देण्याचा पहिला नावाजलेला प्रयोग १८३२ मधला. स्कॉटलंडमध्ये लीथ या बंदराच्या गावात थॉमस लॅटा नावाच्या डॉक्टरने कॉलऱ्याने मरणाला टेकलेल्या रुग्णांवर तो केला. त्याआधी विल्यम ओ'शॉनेसी या तरुण डॉक्टरने कॉलऱ्याच्या रुग्णांचं रक्त तपासून, पाणी आणि क्षार कमी झालेत ते परत द्यायला हवेत, असं मांडलं होतं. हाच ओ'शॉनेसी पुढे कंपनी सरकारच्या नोकरीत कलकत्त्याला आला आणि हिंदुस्थानात तारायंत्राच्या लाइनी टाकण्याचं काम त्याने केलं. भुसावळवाल्यांनी नोंद घ्यावी.

आणि दुसरं टोक: १९७१ मध्ये बांगलादेशच्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला, सलाईनच्या बाटल्या पुरेनात. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, साखर, सोडा घातलेलं पाणी पिंपातून वाटायला लावलं आणि मृत्यूंचं प्रमाण झपाट्याने खाली आणलं. त्यांना २०२३ मध्ये मरणोत्तर पद्मविभूषण मिळालं. ज्याला पिता येतं त्याची शीर शोधायची गरजच नाही, एवढं सरळ होतं ते.

भुसावळ जंक्शन

नोंद घेतली. सलाईनवाला तारवाला निघाला, वा! आमच्या रेल्वे खात्यात तार बंद झाली, सलाईन मात्र चालू आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेला की ड्यूटीवरचे गँगमन आणून झोपवावे लागतात, तेव्हा त्यांच्या हातावर शीर म्हणून काही दिसत नाही.

भूलवाला

कारण अंगातलं पाणीच आटलेलं असतं. शीर रिकामी आणि चपटी. यंत्रही तिथे फिकट रेषा दाखवतं. उन्हाळ्यात आपल्या भागात या यंत्राकडून फार मोठी अपेक्षा ठेवू नका.

सातपुड्याच्या पायथ्याशी

मी धडगावकडे आरोग्य खात्यात आहे. सिकलसेलबद्दल अजून कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आमच्या भिल आणि पावरा वस्त्यांमध्ये हा आजार आहे. तांबड्या पेशी विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि पोराला अशा वेदना होतात की बघवत नाही. त्या वेळी सलाईन आणि वेदनाशामक द्यायचं असतं, आणि त्यातच शरीरातलं पाणी कमी झालेलं असतं. लहानपणापासून पुन्हा पुन्हा टोचल्याने दहा-बारा वर्षांच्या मुलाचे हात म्हाताऱ्या माणसाच्या हातासारखे कडक झालेले असतात. केंद्राचं सिकलसेल निर्मूलन अभियान १ जुलै २०२३ ला सुरू झालं, तपासण्या होतायत, हायड्रॉक्सियुरियाच्या गोळ्या मिळतात, त्याने दुखण्याचे झटके कमी होतात. पण झटका आलेल्या पोराला शीर तर हवीच. मला विचाराल तर असं यंत्र पहिलं इकडे हवं, कारण 'जिल्ह्याला घेऊन जा' म्हणणं म्हणजे त्या घाटातून रात्री गाडी काढणं.

दोन अडचणीही सांगते. लाइट जाते, म्हणून बॅटरी चांगली हवी. आणि आमच्याकडच्या बायकांच्या हातावर गोंदण असतं. त्यावर यंत्र चालतं का?

धुळ्याचा पण पुण्यात

ताई, चांगला प्रश्न. कातडीचा गडद रंग इन्फ्रारेडला फारसा आडवा येत नाही, म्हणून सावळ्या हातावर डोळ्यापेक्षा यंत्राला जास्त दिसतं. पण गोंदणाची काळी शाई काजळीची असेल तर ती इन्फ्रारेडही शोषते, मग गोंदणाची रेघ आणि शिरेची रेघ दोन्ही काळ्या. गोंदण सोडून बाजूला बघायचं. ओल्या तेलकट हातावर चमक येते, पुसून घ्यावा. आणि उन्हाच्या तिरिपेत ठेवू नका. उन्हातही इन्फ्रारेड भरपूर असतं, कॅमेरा भांबावतो.

एवढ्यात कुणी विचारेल म्हणून: मोबाइलवरची 'शीर शोधा' अॅप्स निव्वळ करमणूक आहेत. फोनच्या मुख्य कॅमेऱ्यात इन्फ्रारेड अडवणारी काच असते. अभियांत्रिकीची पोरं रास्पबेरी पाय या चिमुकल्या संगणकाचा, ती काच नसलेला कॅमेरा आणि इन्फ्रारेड दिवे वापरून प्रोजेक्ट करतात, ते चालतं. पण ते शिकण्यासाठी. पेशंटवर नको.

शंकासूर

मी ते अॅप टाकलं होतं. त्यात माझ्या टेबलालाही शिरा आहेत असं कळलं.

अमळनेर लॅब

सागवानी असेल.

सिस्टर आक्का

धडगावच्या ताईंना अनुमोदन. आता तापीकाठ भाऊंच्या मूळ प्रश्नावर येते, कारण तो बिचारा वाट बघत असेल.

सरकारी दवाखान्यात वस्तू दिली की ती डेड स्टॉक रजिस्टरला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत चढते. चढली की जबाबदारी इनचार्ज सिस्टरची. पडली, फुटली, हरवली तर पत्रव्यवहार तिने करायचा. म्हणून ती काय करते? कपाटात ठेवते, कुलूप लावते, किल्ली पदराला. रात्रपाळीच्या मुलीला गरज असते तेव्हा किल्ली घरी झोपलेली. चांगल्या चांगल्या मशीनांचं असं झालेलं मी पाहिलं आहे. तर देताना रुग्ण कल्याण समितीमार्फत द्या, लेखी द्या, आणि देखभाल कोण बघणार ते आधीच ठरवा. किमान पहिली दोन-तीन वर्षं बॅटरी, चार्जर, दुरुस्ती मंडळाने उचलावी. 'तुटलं तर मंडळ बघेल' एवढं एक वाक्य लिहून दिलं ना, यंत्र कपाटातून ट्रॉलीवर येईल.

आणि देण्याआधी तिथल्या सिस्टरला विचारा. डॉक्टरांना नाही, सिस्टरला.

भूलवाला

आक्कांना दंडवत. किमतीबद्दल: नावाजलेल्या परदेशी कंपन्यांची यंत्रं लाखांत जातात, बाकीची बरीच खाली मिळतात. त्याहून स्वस्त म्हणजे हाताला चिकटवून धरायचे लाल-नारिंगी दिव्यांचे कडे. त्यात प्रकाश कातडीतून आरपार जातो आणि शीर काळी रेघ दिसते. छोट्या बाळांच्या हाताला ते बरंच कामाचं, फक्त गरम होत नाही ना ते बघा. मोठ्या यंत्राचा उजेड कुणाच्या डोळ्यांत जाऊ द्यायचा नाही, बाळाच्या तर नाहीच.

तापीकाठ (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार, एवढं वाचायला मिळेल असं वाटलं नव्हतं. आक्का, तुमचं ऐकून काल आम्ही तिघे दवाखान्यात जाऊन सिस्टरनाच भेटलो. त्या आधी हसल्या. म्हणाल्या, यंत्र द्या, नाही म्हणत नाही, पण आधी प्रोसिजर रूमला एक बरा दिवा द्या, टोचताना बसायला उंची बदलणारं स्टूल द्या, आणि लहान मुलांच्या पिवळ्या इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत ठेवायच्या नळीच्या सुया) संपल्या की बाहेरून आणायला सांगावं लागतं त्याचं काहीतरी करा. जाड निळीने बाळाची शीर फोडण्यापेक्षा ते बरं.

सिस्टर आक्का

बघा. मला ती बाई भेटवा, चहा पाजते. पिवळी म्हणजे २४ नंबर, निळी २२. बाळाला बारीकच हवी. भाऊ, पण इंट्राकॅथ बाजारातून आणून परस्पर देऊ नका, त्याच्या मुदतीच्या तारखा असतात, खरेदी समितीनेच करू द्या. तुम्ही पैसे द्या.

शंकासूर

मी सुरुवातीला म्हटलं तेच झालं ना? दिवा आणि स्टूल.

गिरणाकाठची लेक

तुम्ही दिवा आणि स्टूल म्हटलं नव्हतं, तुम्ही फोटो म्हटलं होतं.

तापीकाठ (धागाकर्ता)

दिवा आणि स्टूल नक्की. यंत्राचंही सोडलेलं नाही. जळगावचा एक विक्रेता दवाखान्यातच डेमो द्यायला तयार आहे. डेमोत काय बघू? आणि एक विचारायचं राहिलं, तो स्टँडसकट घ्या म्हणतोय, स्टँडचे पैसे वेगळे.

भूलवाला

डेमो गोऱ्यापान, सडपातळ विक्रेत्याच्या हातावर बघू नका, तिथे मलाही शीर दिसते. एक गुटगुटीत बाळ (नुसतं बघायला, टोचायला नाही), एक जाड हात, एक सुरकुतलेला हात, एक गोंदणाचा. यंत्र थोडं तिरपं धरून बघा. रेषा जागेवरून सरकली तर वापरताना सरळच धरावं लागेल हे सिस्टरला कळायला हवं. एकदा खिडकीजवळ दुपारी चालवून बघा. आणि चार्जर काढून पूर्ण बॅटरीवर किती वेळ टिकतं ते घड्याळ लावून मोजा, कागदावरचा आकडा धरू नका.

सिस्टर आक्का

स्टँड घ्याच. एका हाताने कातडी ताणून धरायची, दुसऱ्या हातात सुई. मग यंत्र कोण धरणार? रात्री वॉर्डात एकच सिस्टर असते, वॉर्डबॉय मामांना हाक मारली तर ते दुसऱ्या टोकाला स्ट्रेचर ढकलत असतात. हातात धरायचं यंत्र सिस्टर एकटीच असेल तर बिनकामाचं.

भरीतभाकरी

स्टँडचे पैसे वाचवा. यंत्र मी धरतो, घर दवाखान्याच्या मागेच आहे. फक्त सुई बघितली की मला चक्कर येते, तेवढं सांभाळून घ्या.

सिस्टर आक्का

मग डेमोसाठी जाड हात आला तुमचा. पाणी पिऊन या.